घरात सोबत आहे

—अगं नाही, तिथे नको, ती दाराजवळची खुर्ची नुसती शोभेची आहे, आत ये, सोफ्यावर बस. ये ना. बरं, राहू दे, बस तिथेच. तुम्हा लोकांचं हेच — घर मोठं दिसलं की दाराशी टेकायचं, जसा काही सोफा चावतो. पाणी? नको? चहा? तोही नको. वा! लोक फुकटचंसुद्धा नाकारायला लागले, म्हणजे माझ्या पंचवीस वर्षांचं काहीतरी चीज झालं म्हणायचं. उशीर झालाय तुला, पण तुझ्यावर नाही ओरडणार, ओरडायचं ते आमच्या ऑफिसातल्या पोरीवर — प्रसिद्धीचं काम बघते ती, म्हणजे दिवसभर फोनकडे बघते — तिला दहादा सांगितलं होतं, पाचवी म्हणून उभी करायची बाई पन्नाशीची हवी, हाताला कामाच्या खुणा हव्यात, दात फार पांढरे नकोत. आणि पाठवली कोण, तर तू. वय काय तुझं? तीस? बोलत नाहीस. लाजतेस. लाज, लाज, स्टेजवर लाजलेली बाई फार चालते, मोठमोठे बँकवाले विरघळतात. फक्त तो डावा हात असा पोटाशी धरून बसू नकोस, पोट दुखल्यासारखं दिसतं.

तर ऐक, वेळ कमी आहे, खाली ड्रायव्हर गाडी सुरू करून बसलाय — पेट्रोल माझं, त्याचं काय जातंय. आज मला तो पुरस्कार आहे, आयुष्यभराच्या कामाचा, म्हणजे 'आता पुरे करा' हे सभ्य भाषेत सांगतात ना, तो. बायको पुढे गेली. पहिल्या रांगेत बसायचं तर ती दोन तास आधी जाते, न जाणो कुणी तिच्या खुर्चीवर बसलं तर. मी भाषण करणार, आणि शेवटी म्हणणार, 'ती पाचवी बाई आज आपल्यात आहे' — की तू पडद्यामागून यायचं. धावत नाही, चालत. डोळ्यांना रुमाल लावायचा, पण रडायचं नाही. रडलीस तर परदेशी पाहुण्यांना अपराधी वाटतं, आणि अपराधी वाटलं की ते पैसे देत नाहीत, प्रश्न विचारतात. मला 'साहेब' म्हणायचं नाही, 'दादा' म्हणायचं. मी सगळ्या बायकांना ताई म्हणायचो, त्या मला दादा म्हणायच्या. नाती लावली की हप्ता वेळेवर येतो, हे मी कुठल्या पुस्तकात नाही वाचलं, हे माझं स्वतःचं.

मागे वळ जरा, भिंतीवर बघ. हा फोटो. संस्थेच्या कॅलेंडरवर, कपांवर, अहवालावर, सगळीकडे हाच. बोधचिन्ह बघितलं असशील, पाच टिंबं — ती या पाच जणी. पहिला गट. बँक ज्यांना दारातसुद्धा उभं करत नाही अशा बायकांना मी छोटी कर्जं द्यायचो, पाच-पाच जणींचा गट करून, एकमेकींच्या हमीवर. एकीनं हप्ता चुकवला की पाचही जणींचं पुढचं कर्ज बंद. तेव्हा माझं ऑफिस पंक्चरवाल्याच्या दुकानावर होतं, लोखंडी जिना, खाली दिवसभर ट्यूबांचा वास. त्या जिन्याखाली बाकावर बसवलं यांना. ही शिंपीण, गटाची प्रमुख, हिच्या तोंडात जीभ नव्हती, कात्री होती. ही इस्त्रीवाली. ही कोंबड्यांवाली, हिच्या शेजारी फार वेळ बसवायचं नाही. ही भंगारवाली. आणि ही कडेची, पाचवी, लोकरवाली. माझ्याच कर्जातून विणायचं यंत्र घेतलं होतं तिनं, स्वेटर करायची. नाव — काय बरं नाव तिचं... असो, आमच्यात तिला पाचवीच म्हणतात. तिच्या खांद्यावर ही बोटं दिसतात ना, इवलीशी? सगळे विचारतात कुणाची म्हणून. तिची पोरगी होती, मागे बाकावर उभी, डाव्या हातानं आईचा खांदा धरून. मी फोटोग्राफरला म्हटलं, ती काप, आपण कर्ज पोरांना देत नाही. त्यानं पोरगी कापली आणि बोटं ठेवली. कारागीरच तसला. — झालं का बघून? इतकं काय निरखतेस? हॉलमध्ये कुणी फोटो हातात घेऊन तुझा चेहरा ताडून बघणार नाहीये.

थांब. थांब, सुचलं. तू पाचवी नकोच. तू पाचवीची मुलगी! तुझं वय बरोबर बसतं. आई थकलीये, प्रवास झेपत नाही, म्हणून मुलगी आली — अगं, हे तर जास्त चांगलं, दुसरी पिढी! आईनं यंत्र घेतलं, यंत्रावर मुलगी शिकली, मुलगी आज... काय करतेस तू? नको सांगूस, नर्स म्हणू. नर्स सगळ्यांना आवडते. दिवसभर डोकं फोडून सुचलं नसतं ते तू दाराशी मुकी बसलीस म्हणून सुचलं. बघ, माणसाचा उपयोग कसा करून घ्यायचा हे कळलं पाहिजे, त्याशिवाय काय मी इथे पोचलो? — अशी बघू नकोस माझ्याकडे. यात खोटं काय आहे? एखादी पाचवी असेलच ना कुठेतरी, आणि तिला मुलगीही असेलच.

मनात म्हणत असशील, काय माणूस आहे. म्हण. मी बँकेत होतो, काचेची केबिन, पक्की नोकरी, ती सोडली तेव्हा माझा थोरला भाऊ म्हणाला, लष्कराच्या भाकऱ्या भाजायला तुला कुणी सांगितलंय? आज तोच भाऊ दवाखान्यात माझं नाव सांगून नंबर पुढे घेतो. तेव्हा वर्तमानपत्रात आमच्यासाठी एक शब्द आला होता नवा, 'सामाजिक उद्योजक' — धड साधू नाही, धड सावकार नाही. साधू म्हणायचे हा धंदा करतो, सावकार म्हणायचे हा आमचा धंदा बसवतो, आणि दोघंही खरंच बोलत होते. मग ती शिकलेली पोरं यायला लागली, माझ्या हाताखाली काम करायला, स्वतःच्या खर्चानं — दोन वर्षं गरिबी बघायची आणि मग निघून जायचं, कुठेतरी गार हवेत बसून गरिबीवर लिहायला. एक तर चिखलात घालायचे वेगळे बूट घेऊन आला होता घरून. बूट नवे, चिखल मिळेना. शेवटी कोंबड्यांवालीच्या अंगणात बादलीभर पाणी ओतलं आणि उभं केलं त्याला तिथे, फोटोसाठी. देणगीवाले त्याहून भारी. जेवणाच्या टेबलावर विचारायचे, ती गरीब बाई पैशाचं काय करते? अरे, तू काय करतोस? खातोस ना? तीही खाते. पण असं बोलायचं नसतं, म्हणून मी म्हणायचो, ती स्वप्न विणते. तेव्हापासून पाचवी स्वेटर नाही विणत, स्वप्न विणते. आणि गेल्या वर्षी मी अख्खी संस्था विकली एका मोठ्या कंपनीला, तर हेच सगळे नाकं मुरडायला लागले. पंचवीस वर्षं म्हणत होते वाढव, वाढव. वाढवली, मोठी झाली, लग्न लावून दिलं, तर म्हणे विकली.

आता मुख्य गोष्ट, हे नीट ऐक, कारण यावर कुणी प्रश्न विचारेल. सोबत. सोबत म्हणजे काय, माहीत आहे तुला? माहीत असणारच, कुठल्यातरी गटात असशील. हप्ता चुकला तर इतर ठिकाणी माणसं पाठवतात, शिव्या देतात, भांडी उचलून नेतात. आम्ही कधी असलं केलं नाही. आमच्याकडे गटातल्या बाकीच्या चौघी जायच्या तिच्या घरी आणि बसायच्या. नुसत्या बसायच्या. दाराजवळ बसायचं, पाणीसुद्धा घ्यायचं नाही, पैशाचा विषय काढायचा नाही, कशाला आलात म्हणून विचारलं तरी सांगायचं नाही — ज्याच्याकडे बसतात त्याला माहीत असतं काय द्यायचंय ते. आणि ते आल्याशिवाय उठायचं नाही. याला धरणं म्हटलं तर पोलीस येतात. तगादा म्हटलं तर वर्तमानपत्रवाले येतात. मी म्हटलं, सोबत म्हणा. ताई अडचणीत आहे, एकटी आहे, तिला सोबत करायला गेलोय आम्ही. सोबतीला कोण काय म्हणणार? स्टेजवर मी सांगतो की ही पद्धत बायकांनीच शोधून काढली, लोकांना ते फार आवडतं, पण आता तू घरातलीच आहेस म्हणून सांगतो — ही माझ्या आईची. मी लहानपणी काही केलं ना, आई ओरडायची नाही, मारायची नाही. समोर येऊन बसायची. हातात काही काम नाही, तोंडात शब्द नाही. मारलं तर माणूस रडून मोकळा होतो गं. नुसतं कुणी समोर बसलं तर काय करायचं? मी जास्तीत जास्त दिवे लागेपर्यंत टिकायचो. मग सगळं सांगून टाकायचो, तिनं न विचारलेलंसुद्धा.

आणि पहिली सोबत कुणाकडे झाली? हिच्याकडेच. लोकरवालीकडे. हे स्टेजवर मी सांगणार आहे, फक्त मी सांगतो तेवढंच तू धरून चाल, जास्तीचं तुझ्या डोक्यात राहू दे. तिचा हप्ता चुकला. पहिल्यांदाच. पोरगी पडली होती तिची, ओट्यावरून, कोपराला लागलं होतं, पैसे तिच्यासाठी बाजूला ठेवले होते — आता हे प्रत्येकीकडे काहीतरी असतंच. एकीची पोर पडते, एकीचा नवरा पडतो, एकीचं छप्पर पडतं. पडण्यावर हप्ते माफ करत बसलो असतो तर मी अजून पंक्चरवाल्याच्या डोक्यावर बसलो असतो. म्हटलं, सोबत. चौघी जाऊन बसल्या. मी गल्लीत उभा होतो, पहिलीच वेळ ना, बघायचं होतं चालतंय का. त्या दिवशी दवाखान्यात हाडांचा डॉक्टर यायचा होता, आठवड्यातून एकदा यायचा बाहेरून. शेजारीण खालून हाका मारत होती, अगं चल, डॉक्टर निघून जाईल, पोरीचा हात दाखवायचा ना. आणि आतून ती काय म्हणाली माहीत आहे? म्हणाली, 'येता येत नाही, घरात सोबत आहे.' बघ! काय वाक्य आहे! माझ्या अंगावर काटा आला. घरात लोक बसलेत आणि आपण उठून कसं जायचं, ही लाज — ही लाज हेच तर तारण! बँकेला ज्यांच्याकडे तारण सापडलं नाही त्यांच्याकडे मला ते सापडलं. पुढच्याच महिन्यात मी ते वाक्य फलकावर छापलं. 'घरात सोबत आहे.' खाली पाच टिंबं. आज सात भाषांत आहे ते.

शिंपीण बाहेर आली होती मध्येच. एवढी तिखट बाई, पण तोंड पडलेलं. म्हणाली, दादा, तासभर उठू का आम्ही, तिला जाऊन येऊ दे. मी म्हटलं, ताई, एकदा उठलात की सोबत मोडली. मग उद्यापासून प्रत्येकीची पोर ओट्यावरून पडेल. गेली बिचारी परत आत, बसली. याला नेतृत्व म्हणतात, व्यवस्थापनाच्या वर्गात मी हे सांगतो, नावं न घेता. आणि हप्ता आला! दोन दिवस लागले, पण आला. कुठून आला ते आपण विचारत नाही, तोही नियमच — विणायचं यंत्र विकलं तिनं, जुन्या बाजारात. कर्ज यंत्रासाठी होतं, यंत्र विकून हप्ता भरला. आता हसू नये, पण गंमतच आहे ना? पाय विकून बूट घेण्यासारखं. हे अर्थात सांगायचं नाही. पुढच्या आठवड्यात ती पोरीला घेऊन गेली कुठेतरी, घर बंद. मग एकदा एका परदेशी बाईनं विचारलं, आता ती काय करते? जेवणाच्या टेबलावर. सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, दुकान आहे तिचं. बस. एवढंच म्हटलं होतं मी. पुढच्या वर्षी कुणीतरी विचारलं, दुकानात माणसं किती? म्हटलं, दोन. आता सहा आहेत. अगं, माझ्या तोंडात वाढलं ते दुकान, मी भाडं भरलं नाही, माल भरला नाही, नुसता श्वास घेतला की एक कामगार वाढतो. तर लक्षात ठेव, सहा. कुणी विचारलं तर सहा कामगार, दोन मजले. आणि हात सोड तो, सांगितलं ना, असा पोटाशी...

एक मिनिट, फोन. — हां, बोल. निघतोच आहे, हिला जरा पढवत होतो. हिला म्हणजे? पाचवीला. ... कोण पोचली? हॉलवर? कधी? ... अगं, तुझी पाचवी इथे माझ्यासमोर बसलीये, अर्धा तास झाला. ... पन्नाशीची? दात? ... बरं. बरं, ठेव. ठेव म्हणतोय ना.

मग तू कोण?

नाही, हे बरोबर नाही हं. मी मघापासून बोलतोय आणि तू नुसती ऐकून घेतेस, एका शब्दानं सांगायचंस ना, मी ती नव्हे म्हणून. तोंडात काय मिठाची गुळणी धरलीयेस? वर सोडलं कुणी तुला? कर्ज हवंय? घरी मिळत नाही कर्ज. तक्रार आहे? तक्रार आता माझ्याकडे करायचीच नाही, मी विकली संस्था, कंपनीचा नंबर देतो, तिथे एक यंत्र बोलतं, फार गोड आवाजात, एक दाबा, दोन दाबा. वर्तमानपत्राची आहेस का? हे बघ, मी आत्ता जे बोललो ते खाजगी. त्यातलं एक अक्षर कुठे आलं तर माझा वकील — बेल वाजली. ड्रायव्हर असेल. थांब, त्यालाच सांगतो तुला खाली सोडायला.

— अरे! कोण हे! शिंपीण! केवढा जाड चष्मा झाला तुमचा! ओळखलंच नाही म्हणजे, ओळखलं, पण काय हो, पार वाळलात. सत्काराला आलात होय? पण बाई, हॉल तिकडे आहे, गावाच्या त्या टोकाला, इथे कशाला... आणि ही कोण मागे, जिना चढून धापा टाकतेय, इस्त्रीवाली? या. या, आता आलाच आहात तर. कोंबड्यांवाली पण! आणि भंगारवाली. अख्खी वरात! गाडीत मावणार नाही हो एवढ्या जणी, पण बघू, काहीतरी करू, खरं तर छानच झालं, पहिला गट स्टेजवर, ऑफिसातल्या पोरीला हे सुचायला हवं होतं, तिच्या डोक्यात... आत या ना. खाली का बसता? दाराशी गारठा आहे फरशीला. शिंपीणताई, तुम्ही इतका वेळ गप्प? जगबुडी आली का? बोला काहीतरी, मला शिव्या तरी द्या, पूर्वी द्यायचात ना. पाणी आणू? थकलात, जिने चढून आलात, पाणी तरी —

नको.

पाणी नको. दाराशी बसायचं. बोलायचं नाही.

अच्छा.

अच्छा, म्हणजे हे असं आहे. वा. माझ्याच घरात, माझ्यावर! फार छान. शिकवलेलं बरं लक्षात राहिलं, बाकी काही राहिलं नाही ते. कुणी काढली ही कल्पना? शिंपीणताई, तुमचीच असणार. तुम्हाला काय वाटलं, मी घाबरीन? हा खेळ मी मांडलाय, मला नका शिकवू. आणि कशासाठी? माझा कुठला हप्ता चुकलाय? मी कुणाचं देणं लागतो? तुमच्या चौघींची घरं उभी राहिली माझ्यामुळे, कोंबड्यांवालीच्या पोराचं शिक्षण झालं, खोटं आहे? नाही बोलत. माहीत आहे, बोलायचं नाही. आणि तिच्याकडे तुम्हीच बसला होतात, हे विसरू नका. मी गल्लीत होतो. आत तुम्ही होतात, तुम्ही चौघी, अशाच बसलेल्या. मी बोट तरी लावलं का कुणाला? मग माझ्या दाराशी काय म्हणून? स्वतःच्या मनाशी जाऊन बसा ना.

बघा, हे पैशाचं असेल तर सरळ सांगा. चेक लिहितो. नाही? दुकान काढून देतो, खरंखुरं, दोन मजली, सहा माणसांचा पगार वर्षभर माझा. काय हसण्यासारखं आहे त्यात? कुणी हसलं नाही, माहीत आहे, मला वाटलं. पाच जणी. पहिला गट, पण — चौघीच ना तुम्ही. पाचवी तर ही आधीच येऊन बसली होती. ही कोण? तुम्ही आणलीत हिला? तुम्ही ओळखता... ए. ए मुली. तो हात सरळ कर. कर ना जरा. डावा. मी काही करत नाही, नुसता सरळ कर, असा, माझा बघ, असा.

होत नाही?

होत नाही. बरं. राहू दे. राहू दे, ठेव तसाच, दुखत असेल.

उद्याच दाखवू या तो हात. माझ्या ओळखीचा डॉक्टर आहे, मोठा माणूस, माझं नाव सांगितलं की... आता काही होत नसेल म्हणा, इतक्या वर्षांनी. हाड एकदा तसं बसलं की बसलं. मला काय माहीत होतं? मी गल्लीत होतो. मला वाटलं, लचकला असेल. पोरं पडतात. माझाही मुलगा पडला होता — त्याला त्याच दिवशी नेलं होतं, हो, त्याच दिवशी, पण ती गोष्ट वेगळी... कशी वेगळी, ते सांगता येत नाही मला, पण वेगळी. नर्स म्हणालो ना मी तुला मघाशी. म्हटलं, नर्स म्हणू. आणि आईला... तुझी आई, ती कुठे — ती आहे ना?

बोला की कुणीतरी. शिंपीणताई, नियम मी केलाय, मी मोडायला परवानगी देतो, बोला. तिला काय हवंय माझ्याकडून? काय द्यायचंय मी? मी स्टेजवर जाऊन सांगू, की दुकान नाही? सांगतो, जा. नाही सांगणार, तुम्हाला माहीत आहे, तिथे उभा राहिलो की मी नाही सांगणार. तिथल्या दिव्यांत माझं तोंड आपोआप चालतं. पण इथे सांगितलंच ना? सगळं सांगितलं हिला, कुणी न विचारता. एवढं पुरत नाही? कुणीच उठत नाही. म्हणजे पुरत नाही.

नाव. नाव हवंय तुम्हाला तिचं. थांबा, मला येतंय, एवढं काही विसरलो नाही मी — पहिल्या गटाची पाचवी, पहिली सही माझ्यासमोर केली होती तिनं, अंगठा नको म्हणाली, मला येतं, आणि हसून सावकाश लिहिलं होतं, मी मान वाकडी करून वाचलं होतं. 'ल'वरून होतं. नाही, ते लोकरीमुळे वाटतंय. दोन अक्षरी. तीन. सात भाषांत वाक्य आहे तिचं माझ्याकडे आणि... जिभेवर आहे. तुम्ही बघत राहिलात की मला आठवत नाही, जरा तिकडे बघा ना सगळ्या. मुली, तू तरी. पहिलं अक्षर सांग, नुसतं पहिलं.

खाली हॉर्न वाजवतोय तो गाढव. वाजव. फोनही वाजतोय... थांबा, एक मिनिट, बसा तुम्ही.

हॅलो. हो. मला माहीत आहे सगळे थांबलेत. नाही. तब्येत ठीक आहे. नाही गं, काही झालं नाही, ऐक — मला येता येत नाही.

घरात सोबत आहे.